उणे चौदात चाळीस मीटर तार

(लघु माहितीपटाचं निवेदन)

(दृश्य: पांढरं मैदान. सहलीचे बाक बर्फात अर्धे बुडालेले. एक माणूस दोरीला बांधलेली छऱ्यांची पिशवी गरगर फिरवतोय.)

आंब्यावर धोंडा मारताना धरतो तसाच नेम धरायचा. फरक एवढाच, की हे झाड मेपलचं आहे, त्यावर एक पान नाही, आणि खाली काही पाडायचं नसून वर चढवायचं आहे. पिशवी फांदीवरून पलीकडे पडली की तिच्यामागून बारीक दोरी जाते, बारीक दोरीमागून जाड दोरी आणि जाड दोरीमागून अँटेनाची तार.

(पहिली फेक हुकते. दुसरी फांदीत अडकते. हशा.)

न्यूयॉर्क म्हटलं की डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. हेही न्यूयॉर्कच. शहरापासून गाडीने पाच तास उत्तरेला, ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्वेचं टग हिल पठार. कॅनडाकडून येणारा कोरडा, गार वारा सरोवरावरून येता येता वाफ उचलतो आणि या चढावर आला की सगळी बर्फ करून टाकतो. इथल्या लोकांना हिमवर्षावाचं कौतुक नाही. कमरेएवढं बर्फ हा हवापाण्याच्या गप्पांचा विषय आहे, बातमीचा नाही.

आज जानेवारीतला शेवटचा शनिवार. तापमान उणे १४. आणि एका हॅम रेडिओ, म्हणजे हौशी रेडिओ, क्लबची डझनभर माणसं गरम घरं सोडून या सार्वजनिक बागेत तंबू ठोकायला आली आहेत. निमित्त आहे विंटर फील्ड डे, म्हणजे उघड्यावर रेडिओ लावायची हिवाळी स्पर्धा.

(तिसरी फेक. पिशवी पलीकडे.)

गेली. आता तार.

(दृश्य: बर्फावर उलगडलेली काळी तार. हातमोजे काढलेली बोटं मोजपट्टी धरून आहेत.)

तिची लांबी नीट पाहा. ८० मीटर बँडवर, म्हणजे सुमारे ८० मीटर लांबीच्या लहरींवर, बोलायचं तर तार त्याच्या निम्मी लागते, सुमारे ४० मीटर. मधोमध कापायची, तिथे केबल जोडायची, मधला भाग उंच डांबावर चढवायचा आणि दोन्ही टोकं उतरती बांधायची. हा झाला डायपोल. शंभर वर्षांपूर्वीही तो असाच होता. बाजारात महागड्या अँटेना भरपूर आहेत, पण क्लबमधल्या जुन्या मंडळींचा या साध्या तारेवरच जीव आहे. खरं सांगायचं तर या फिल्मचाही.

(दृश्य: फायबरग्लासचा डांब, एकेक नळी वर सरकतेय. खाली ट्रकचं चाक डांबाच्या पाट्यावर चढलेलं.)

उन्हाळ्यात जमिनीत खुंट्या मारता येतात. आत्ता जमीन दगड झालीय. म्हणून डांबाचा पाटा ट्रकच्या चाकाखाली दाबलाय आणि ताण देणाऱ्या दोऱ्या बर्फात पुरलेल्या फळ्यांना बांधल्यात. फळी आडवी पुरायची, वरून बर्फ तुडवायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. मग दोघांनी ओढली तरी हलत नाही.

केबलचं मात्र काही खरं नाही. थंडीत ती इतकी ताठ होते की वेटोळं सोडलं तरी वेटोळंच राहतं. आणि कनेक्टर फिरवायचा तर हातमोजे काढावेच लागतात.

(जवळून: बोटांची टोकं लाल. कनेक्टरचे आटे. श्वासाची वाफ. निवेदन काही क्षण थांबतं.)

हौशी रेडिओ कसा चालतो? सरकारी परीक्षा द्यायची, परवाना आणि स्वतःचं कॉल साइन, म्हणजे हवेतली ओळख, मिळवायचं, आणि ठरवून दिलेल्या लहरींवर जगातल्या दुसऱ्या परवानाधारकाशी बोलायचं. मध्ये कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. अमेरिकेत या मंडळींचा मोठा सण जूनमध्ये असतो. तो फील्ड डे १९३३ पासून चालू आहे. पण संकट जून बघून येत नाही, म्हणून २००७ पासून हा हिवाळी अवतार. घराबाहेर पडा, स्वतःची वीज आणा, स्वतःची अँटेना उभारा आणि मिळतील तितकी स्टेशनं पकडा. आवाजी संपर्काला एक गुण, मोर्सला दोन. ताकद १०० वॅटच्या आत.

हे कशासाठी, ते इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जानेवारी १९९८ मध्ये याच भागात, शेजारच्या कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि आसपास पाच-सहा दिवस गोठणारा पाऊस पडला. पडेल तो थेंब तारेवर जागीच गोठायचा. त्या वजनाने क्वेबेकचे हजाराच्या आसपास पोलादी विद्युतमनोरे कोसळले आणि काही घरांना महिनाभर वीज नव्हती. तेव्हा निवाऱ्यांमधले निरोप हॅम लोकांनी पोचवले.

(दृश्य: बर्फपेटीचं झाकण उघडतं. आत बॅटरी, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या.)

शीतपेयं गार ठेवायची पेटी इथे बॅटरी ऊबदार ठेवायला वापरलीय. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी शून्याखाली चार्ज केली तर कायमची बिघडते. रेडिओ नुसता ऐकत असला तर तिच्यातून जेमतेम एक अँपिअर घेतो. पूर्ण ताकदीने बोलायला लागला की वीसच्या आसपास. म्हणजे इथे बडबड्या माणूस सगळ्यात महाग.

(घड्याळ. सकाळचे अकरा. तिन्ही तंबूंतून एकदम आवाज.)

"सीक्यू, सीक्यू, विंटर फील्ड डे!"

सीक्यू म्हणजे कुणी आहे का, बोलायचंय. समोरून कॉल साइन आलं की आपण तीन गोष्टी सांगायच्या: किती रेडिओ चालू आहेत, कुठून बोलतोय (घरातून की उघड्यावरून) आणि कुठला विभाग. या क्लबचे तीन रेडिओ, उघड्यावर, उत्तर न्यूयॉर्क. ऐकायला येतं, "थ्री ऑस्कर, नॉर्दर्न न्यूयॉर्क." ऑस्कर म्हणजे ओ, आउटडोअरचा. समोरचा त्याचे तपशील देतो, लॉगमध्ये नोंद पडते, पुढचा. सगळं दहा सेकंदांत. गप्पा मारायला हा दिवस नाही.

एकाच मैदानात तीन रेडिओ लागले की एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरतं. त्यासाठी प्रत्येक रेडिओच्या मागे बँडपास फिल्टरची डबी आहे. ती आपला बँड सोडून बाकीचं अडवते. डबी असूनही दुपारी दोन तंबूंमध्ये थोडी वादावादी झालीच.

(दृश्य: संध्याकाळ. सूर्य झाडांमागे. तंबू आतून केशरी.)

आता खेळ बदलतो. दिवसभर २०, १५ आणि १० मीटरवर गर्दी होती. जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवर हवेचा एक थर सूर्यामुळे विद्युतभारित होतो आणि ८० मीटरसारख्या लांब लहरींचे संदेश गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग ८० मीटरचे संदेश तीनशे किलोमीटर उंचीवरच्या थरापर्यंत पोचतात आणि तिथून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. दुपारी मुकी असलेली आपली ती चाळीस मीटर तार आता बोलायला लागते.

(दृश्य: मोर्सचा तंबू. डोक्यावरच्या दिव्याचा प्रकाश फक्त हातावर. अंगठा आणि तर्जनी, मध्ये पॅडल.)

हे गृहस्थ मूळचे सांगलीचे, इथल्या एका कॉलेजात शिकवतात. शेजारी लॉग लिहिणारी त्यांची पंधरा वर्षांची मुलगी. पॅडलची एक बाजू दाबली की डिट, म्हणजे आखूड आवाज, दुसरी दाबली की डा, म्हणजे लांब. मनगट हलत नाही. हलतात ती फक्त दोन बोटं, तीही कागदाच्या जाडीइतकी. अमेरिकेने २००७ मध्ये परवान्यासाठी मोर्सची सक्ती काढून टाकली. तरी हा तंबू सगळ्यात शेवटी झोपतो.

ऐका.

(आवाज: हिस्स... त्यात बुडालेले बारीक डिट-डा.)

ही खरखर रेडिओतला बिघाड नाही. कोरडं बर्फ विद्युतभार घेऊन येतं आणि तारेवर आपटलं की तो तिच्यात सोडतं. बर्फाचा जोर वाढला की हिस्स वाढते. त्यातून एक स्टेशन हाक मारतंय. कॉल साइन मिळालं. एक रेडिओ, उघड्यावर, हेही मिळालं. पण विभाग?

"बाबा, सेक्शन काय म्हणाला?"

"पी ए ऐकू आलं. त्याच्या आधीचं अक्षर गेलं."

"मग ईस्टर्न लिहू का?"

"थांब गं. अंदाजाने लिहायचं नाही. विचारतो परत."

पेनसिल्व्हेनियाचे दोन विभाग आहेत. पूर्वेचा ई पी ए, पश्चिमेचा डब्ल्यू पी ए. मोर्समध्ये ई म्हणजे फक्त एक डिट. डब्ल्यू म्हणजे एक डिट आणि दोन डा. सगळा फरक दोन डांचा, आणि नेमकं तेवढंच बर्फाने खाल्लंय.

(हात थांबलेला. डोळे मिटलेले. पुन्हा हिस्स. मग स्पष्ट: डिट. डिट-डा-डा-डिट. डिट-डा.)

"ई. ईस्टर्नच. लिही."

"मी म्हटलंच होतं."

"हो, पण आता त्याने सांगितलंय."

या संवादाला आपल्याकडे अर्थ आहे, म्हणून तो जसाच्या तसा ठेवलाय. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्याच एका मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. दुर्मीळ ठिकाणाहून जगभर संपर्क साधायचे, एवढंच ठरलं होतं. अंदमानचे फोन गेले आणि तोच रेडिओ माणसांची खबर मुख्य भूमीला कळवायला लागला. तिथे चुकीचं अक्षर म्हणजे चुकीचं नाव. भारतात वयाच्या १२ व्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा परवाना देते, आणि खालच्या श्रेणीच्या परवान्याला मोर्सही लागत नाही. शाळाशाळांतून रोबोटिक्सचे वर्ग निघालेत. त्यातल्या एका कोपऱ्यात डायपोल टांगायला काय हरकत आहे?

(दृश्य: मध्यरात्र. चिलीचं पातेलं, वाफ. कागदी वाट्या. क्लबच्या सचिव, निवृत्त शिक्षिका, कानटोपीवर हेडफोन.)

राजम्यासारख्या घेवड्याची, मांस घातलेली ही चिली. फील्ड डेला दुसरं काही शिजत नाही म्हणतात. बाईंच्या डाव्या हातात चमचा, उजवा हात डायलवर. बँडवर कुणीतरी टेक्सासहून हाक मारली आणि चमचा वाटीत तसाच राहिला.

(दृश्य: पहाट. तारेवर साचलेल्या दवबर्फाचे काटे. पहिलं ऊन.)

(निवेदन नाही. फक्त दूरचा मोर्स. चाळीस सेकंद.)

स्पर्धेचा काळ तीस तासांचा, त्यात जास्तीत जास्त चोवीस तास काम करता येतं. क्लबचे चोवीस तास रविवारी भरदुपारी भरले. लॉगची फाइल आयोजकांकडे गेली. निकाल पुढे यथावकाश लागला आणि क्लब यादीत मध्यावर कुठेतरी राहिला.

(दृश्य: डांब खाली येतोय. फळ्या बर्फातून कुदळीने खणून काढतायत.)

उभारायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त काढायला लागला, कारण पुरलेल्या फळ्या आता बर्फाशी एकजीव झाल्या होत्या. पण ट्रकमध्ये सामान भरताना गुणांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. वाद चालला होता जूनचा: ८० मीटरची तार आणखी पाच मीटर वर कशी न्यायची. एकाचं म्हणणं लांब डांब घ्या. सचिव बाई म्हणाल्या, पैसे कोण देणार? मग सांगलीकरांनी पतंगाचा विषय काढला. तार पतंगाने वर न्यायची. हसू नका, रेडिओवाले हे पूर्वीपासून करत आलेत. मांजा कसला वापरायचा यावर बापलेकीचं शेवटपर्यंत जमलं नाही.

(श्रेयनामावली. वाद तसाच चालू.)