आधी आतला कागद

[पडदा काळा. प्लॅस्टिकचं वेष्टन फाटल्याचा आवाज.]

नवी एलपी उघडली जातेय. आता हात पाहा. तबकडी बाहेर आली, पण प्लेअरवर गेली नाही, मांडीवरच राहिली. बोटं पुन्हा कव्हरमध्ये शिरली आणि त्यांनी आतला घडीचा कागद ओढून काढला. त्यावर गाण्यांचे शब्द छापलेत. काळ्या कागदावर करड्या शाईत, मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं. दिवा जवळ ओढला, तेव्हा कुठे ती दिसायला लागली.

मग सुई टेकली.

पुढची चार मिनिटं आम्ही कॅमेरा हलवला नाही. गिटार भिंती हादरवतेय, ड्रम्स एका दमात धावताहेत आणि ऐकणारा जागचा हललेला नाही. फक्त डोळे डावीकडून उजवीकडे जातात, मग खालच्या ओळीवर उतरतात. मध्येच एक ओळ हुकते. बोट थांबतं, मागे जातं, गायकाला पुन्हा गाठतं.

हेवी मेटल या दणदणीत रॉक संगीताच्या चाहत्याचं हे रूप फारसं कुणी टिपत नाही. मैफलीत उडणारे केस, वर उठलेले हात, घामाने भिजलेले काळे शर्ट, हे सगळं आम्हीही चित्रित केलंय. पण ज्या ज्या खोलीत कॅमेरा घेऊन गेलो, तिथे अल्बमच्या रांगेला लागून पुस्तकांची एक रांग होती. हा माहितीपट त्या दुसऱ्या रांगेबद्दल आहे.

[गायकाचा चेहरा, अगदी जवळून. मायक्रोफोन मुठीत.]

हा डेथ मेटलचा, म्हणजे मेटलच्या एका उग्र प्रकाराचा आवाज. आपल्या स्वरयंत्रात नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी असते. बोलताना ती स्वस्थ असते. असा गुरगुरता आवाज काढताना तीही थरथरते. ऐकताना छातीत कंप जाणवतो, पण व्यंजनं पुसट होतात, शब्द एकमेकांत मिसळतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला यातलं एक वाक्यही धड कळत नाही. दहाव्यांदा ऐकणाऱ्यालाही कळेलच असं नाही.

याला या संगीताचा दोष म्हणणारे खूप आहेत. मला मात्र वाटतं, मेटलचा वाचक नेमका इथेच घडतो. कानाला शब्द लागत नाहीत, म्हणून हात कागदाकडे जातो. कागदावर एखादं अनोळखी नाव भेटतं, एखादी लढाई, एखादा देव. ते कोण, हे शोधायला माणूस पुस्तकाकडे वळतो.

[सीडीची पुस्तिका. पानं सावकाश उलटली जातात.]

ही पुस्तिका अमेरिकेतल्या नाइल या बँडची आहे. बँडचा गिटारवादक कार्ल सँडर्स प्राचीन इजिप्तच्या इतिहासात बुडालेला माणूस. त्याच्या अल्बमांच्या पुस्तिकांत गाण्याच्या शब्दांखाली त्याची टिपणं असतात: हे गाणं कोणत्या मंत्रावरून सुचलं, कोणत्या शिलालेखावरून सुचलं, वाचताना काय मनात आलं. डेथ मेटलचा अल्बम आणि आत इतिहासाची टिपणं! या पानाचे कोपरे किती मऊ पडलेत ते पाहा. ही पुस्तिका नुसती जपून ठेवलेली नाही, वापरलेली आहे.

[टी-शर्टांची रांग. कॅमेरा एकेका छातीवरून सरकतो.]

आता जरा हे वाचून दाखवा. काट्यांचं कुंपण? वाळलेल्या मुळ्या? हे बँडचं नाव आहे. ब्लॅक मेटल या मेटलच्या आणखी एका प्रकारातले लोगो असेच असतात, डावी बाजू उजवीचं प्रतिबिंब आणि मधे कुठेतरी अक्षरं लपलेली. क्रिस्तोफ श्पायडेल या बेल्जियन चित्रकाराने असे हजारो लोगो काढलेत. नॉर्वेच्या एम्परर या बँडचा प्रसिद्ध लोगो त्याचाच. नवख्याला इथे जाळं दिसतं. सरावलेला चाहता मधल्या अक्षरापासून सुरुवात करतो, दोन्ही टोकांकडे जातो आणि नाव सांगून मोकळा होतो. आम्ही सात शर्ट एकीसमोर धरले. सातही नावं तिने वाचली. तिसऱ्याला थोडा वेळ लागला.

आणि नाव वाचता आलं, की त्या नावाच्या मागे पुन्हा पुस्तक निघतं. हा शर्ट अमॉन अमार्थचा. बँड स्वीडनचा, पण नाव 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टोल्किनच्या कल्पित भाषेतलं, ज्या अग्निपर्वतात कथेतली अंगठी नष्ट होते त्याचं. आणखी दोन बँडांची नावं तिथलीच: गॉरगोरॉथ हे त्याच्याच काळ्या प्रदेशातलं पठार. किरिथ उंगोल ही जाळं विणणाऱ्या महाकाय कोळिणीची खिंड. जर्मनीच्या ब्लाइंड गार्डियनने 1998 मध्ये एक आख्खा अल्बम टोल्किनच्या 'सिल्मरिलियन'वर केला. हे पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, 1977 साली आलं. वाचायला अवघड, नावांनी गच्च भरलेलं. ही प्रत पाहा. शेवटी दिलेल्या वंशावळीवर पेन्सिलने गाण्यांचे क्रमांक टाकलेत. कोणतं गाणं कोणाच्या तोंडी आहे, ते वाचणाऱ्याने स्वतः जुळवलंय.

फिनलंडच्या अमॉर्फिस या बँडची गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. एकोणिसाव्या शतकात एलियास ल्यनरोट नावाचा डॉक्टर गावोगाव पायी फिरला, म्हाताऱ्या गायकांच्या तोंडची गाणी त्याने उतरवून घेतली. त्यातून 1835 मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य आलं. 1849 मध्ये वाढवलेली आवृत्ती निघाली, 50 सर्गांची. 1994 मध्ये अमॉर्फिसने त्याच काव्याचं इंग्रजी भाषांतर समोर ठेवून एक अल्बम रचला. पिढ्यान् पिढ्या गायल्या गेलेल्या ओळी पुस्तकात शिरल्या होत्या, त्या दीडशे वर्षांनी विजेच्या गिटारवर पुन्हा गायल्या गेल्या. आणि तो अल्बम ऐकून दुसऱ्याच देशातल्या, दुसऱ्याच भाषेच्या कुणीतरी ही जाड प्रत विकत घेतली. मलपृष्ठाचा कोपरा दुमडलाय, आत चार-पाच ठिकाणी बसची तिकिटं खुणेला घातलीत.

[पुठ्ठ्याचं खोकं. झाकण उघडतं.]

आता हे खोकं. यासाठी आम्ही एक पूर्ण दिवस राखून ठेवला होता.

आत फॅनझिन आहेत, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेली मासिकं. मासिकं म्हणायचं एवढंच, अंक निघायचा तेव्हा निघायचा. मोठी नियतकालिकं होती, ब्रिटनमध्ये 1981 पासून 'केरँग!' निघत होतं, पण डेथ आणि ब्लॅक मेटलच्या कोवळ्या बँडांना आधी जागा मिळाली ती या फोटोकॉपी केलेल्या पानांवर.

एक पान कसं बनायचं, ते या टेबलावर पुन्हा करून पाहू. मजकूर टंकयंत्रावर अरुंद पट्टीत टंकायचा. कात्रीने पट्ट्या कापायच्या. खाली चित्र, कवट्या, जंगल, काहीही. वर पट्ट्या चिकटवायच्या, किंचित तिरक्या, कारण सरळ चिकटवायला वेळ कुणाला होता? चूक झाली की पांढरं द्रव लावायचं, वाळू द्यायचं, वर हाताने अक्षर काढायचं. कागद मधोमध दुमडून अंक करायचा, म्हणून पानांची संख्या चारच्या पटीत हवी. एक पान उरलं, तर तिथे पुढच्या अंकाची जाहिरात किंवा मित्राने काढलेला राक्षस. मग फोटोकॉपी. काळा भाग जास्त असला की शाई फासली जायची आणि अर्धा परिच्छेद वाचता यायचा नाही. वाचणारे तरीही वाचायचे. या पानावर बघा, पुसट झालेल्या ओळी कुणीतरी निळ्या पेनाने पुन्हा गिरवल्यात.

मुलाखती टपालाने व्हायच्या. प्रश्नांचा कागद पाकिटात घालून पाठवायचा. काही आठवड्यांनी उत्तरं यायची, हाताने लिहिलेली, कधी भांडखोर, कधी फारच लांब. संपादक ती जशीच्या तशी छापायचा. या खोक्यातल्या अंकांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: सध्या काय वाचतोस? उत्तर छापून आलं की वाचक त्या पुस्तकाच्या मागे लागायचा. डेमो कॅसेटच्या, म्हणजे बँडने नमुना म्हणून काढलेल्या कॅसेटच्या परीक्षणाखाली बँडचा पत्ता असायचा, आणि कोणीही त्या पत्त्यावर लिहू शकायचं. टपालखर्च वाचवायला तिकिटांवर साबण किंवा गोंद फासायचे. शिक्का त्या थरावर उमटायचा, पाण्याने धुवून निघायचा आणि तिकीट परत पाठवणाऱ्याकडे. या पाकिटावर तो चकचकीत थर अजून दिसतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. सॅन फ्रान्सिस्कोच्या रॉन किंटानाने 1981 मध्ये आपल्या फॅनझिनसाठी नावांची यादी काढली होती. त्यातलं एक नाव त्याने वापरलं नाही. ते त्याच्या मित्राने, लार्स उलरिक या ड्रमरने, आपल्या बँडसाठी घेतलं. मेटॅलिका.

[पुस्तकांचा कप्पा. एक जुनी, पिवळी पडलेली प्रत.]

त्याच बँडमुळे हे पुस्तक नव्या पिढीच्या हातात गेलं. डाल्टन ट्रंबोची 1939 ची कादंबरी, 'जॉनी गॉट हिज गन'. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्याने सैनिकाचे हात गेले, पाय गेले, चेहरा गेला. शुद्ध तेवढी शाबूत. उशीवर डोकं आपटून तो मोर्स लिपीत बोलतो. मेटॅलिकाच्या 1988 च्या 'वन' या गाण्यात हाच सैनिक आहे. ट्रंबोने स्वतः 1971 मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला होता. त्यातली दृश्यं बँडने आपल्या पहिल्याच व्हिडिओत घेतली. गाण्याच्या उत्तरार्धात ड्रम्सचा जो एकसारखा मारा येतो, तो पुस्तक वाचलेल्याला वेगळा ऐकू येतो. हे सांगणारी व्यक्ती बोलता बोलता थांबली. तो भाग आम्ही कापलेला नाही.

[शांतता. आठ सेकंद.]

मेटलच्या शब्दांवर खटले झाले, 19 सप्टेंबर 1985 ला अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, पुढे कव्हरांवर इशाऱ्याचे शिक्के आले. आणि आता बहुतेक गाणी फोनवर येतात, सोबत पुस्तिका येत नाही.

[पुन्हा पहिली खोली. तोच दिवा.]

सुरुवातीला पाहिलेली एलपी होती आयर्न मेडन या ब्रिटिश बँडची, 1984 ची 'पॉवरस्लेव्ह'. आता तिची दुसरी बाजू लागलीय, शेवटचं गाणं. जवळपास पावणेचौदा मिनिटांचं. बास वाजवणाऱ्या स्टीव्ह हॅरिसने ते इंग्रज कवी कोलरिजच्या 1798 मध्ये छापलेल्या दीर्घकवितेवर रचलं. एक म्हातारा खलाशी लग्नाला निघालेल्या पाहुण्याला अडवतो आणि आपली कहाणी सांगतो: त्याने अल्बाट्रॉस हा समुद्रपक्षी मारला, वारा पडला, जहाज समुद्रात खिळून राहिलं.

मांडीवर या वेळी गीतांचा कागद नाही, कविताच आहे. कविता सात भागांची. गाण्यात मधे दोनदा मूळ कडवी जशीच्या तशी येतात आणि तेवढ्या ठिकाणी पुस्तकात पेन्सिलची उभी रेघ आहे. पहिली रेघ मागे पडली. दुसरी तिसऱ्या भागाच्या अखेरीला.

आवाज ऐका. गिटार ओसरली. लाकूड करकरतंय, जहाजाचं. कुणीतरी ओळी गात नाही, नुसत्या उच्चारतंय: पन्नासाच्या चार पट माणसं एकामागून एक कोसळली. बोट त्याच ओळीवर आहे.

गाणं पुढे गेलं, शाप उतरला, पाहुण्याने ऐकून घेतलं, गाणं संपलं. सुई शेवटच्या खाचेत फिरतेय. ती उचलायला कुणी उठत नाही. जहाज बुडाल्यावर खलाशाला मचव्यात घेतात, त्याचे ओठ हलताच नावाड्याचा पोरगा वेडापिसा होतो, तो प्रसंग गाण्यात नाही. पान तिथे उघडं आहे.

[सुईची खरखर. हळूहळू अंधार.]