गाडीच्या पोटातला दर्या

(दृश्य : हर्णै, तालुका दापोली. संध्याकाळचा लिलाव. मागे पाण्यात सुवर्णदुर्ग.)

लिलावाची वेळ झाली की हर्णैच्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. मोठ्या बोटी आत नांगर टाकून उभ्या असतात. त्यांच्यावरची मासळी होड्यांत उतरते, होड्यांतून बैलगाडीत चढते आणि पोटाला लागेल एवढ्या पाण्यातून बैल ती वाळूवर ओढून आणतात. पापलेट, सुरमई, कोळंबी. टोपल्यांभोवती कोंडाळं जमतं, बोली चढते. इथे येणारा प्रत्येक कॅमेरा हेच टिपतो, आणि टिपावं असंच ते आहे.

आपण मात्र कॅमेरा वाळूवर ठेवूया. मासळी न्यायला आलेल्या एका ट्रकखाली.

(दृश्य : खालून वर. चेसी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, पाटे म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, सायलेन्सर. हौद्याच्या फटीतून ठिबकणारं पाणी.)

वरून ही गाडी झकास दिसते. फाळक्यावर रंगवलेलं कमळ, मडगार्डवर झालर, काचेला लिंबू-मिरची. खाली वेगळीच गोष्ट. चेसीच्या लांब पट्टीवर ओली वाळू चिकटली आहे. मागच्या पाट्यांच्या कडांना गंजाचा विटकरी रंग चढलाय. आणि हौद्यातून थेंब पडताहेत, एक, दोन, न थांबता.

हे थेंब बर्फाचे. पण नुसत्या बर्फाचे नाहीत. मासळीच्या अंगचं समुद्राचं पाणी त्यांत मिसळलेलं असतं. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. गाडी किनाऱ्यावर उभी असते अर्धा-पाऊण तास. त्यानंतर खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडपर्यंत हे पाणी चेसीवर गळत राहतं. मागून येणारे दुचाकीवाले या गळतीला शिव्या देतात, रस्ता निसरडा होतो म्हणून. खाली चेसी काय सोसते, हे त्यांना दिसत नाही. दर्या मागे राहिला असं ड्रायव्हरला वाटतं. दर्या मात्र गाडीबरोबर घाट चढत असतो.

(दृश्य : ओल्या पत्र्यावरचे मिठाचे पांढरे ओघळ, अगदी जवळून.)

लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एवढं पुरतं. मीठ या व्यवहारात दलालाचं काम करतं. स्वतः फारसं काही घेत नाही, सौदा मात्र झटपट जमवून देतं. (किनाऱ्यावरच्या दलालांनी राग मानू नये.) खाऱ्या पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहतो आणि लोखंड गंजण्याची क्रिया म्हणजे मुळात असाच एक प्रवाह. शिवाय मिठातलं क्लोराइड लोखंडावर धरलेला संरक्षक थर फोडत जातं.

दुसरा खोडकरपणा आपल्या स्वयंपाकघरातला. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं आणि विरघळतं. कोकणात रात्री हा आकडा बहुतेक वेळा ओलांडला जातो. म्हणजे दिवसा कोरडी ठणठणीत दिसणारी चेसी रात्री आपोआप ओली होते. कोणी पाण्यात घातली नाही, पाऊसही नाही.

वाळू मीठ आणि ओल या दोघांची वाट मोकळी करते. चाकातून उडालेले कण रंग खरवडतात, आणि कोपऱ्यात साचलेली वाळू ओल्या फडक्यासारखी ओल धरून ठेवते.

(दृश्य : जांभ्याच्या चिऱ्यांवर चढवलेला ट्रक. खाली आडवा झालेला मिस्त्री. हातात लहान हातोडी.)

आता आवाज ऐका.

(ध्वनी : ठण्. ठण्. ठण्. भद्द.)

धड लोखंड ठण् वाजतं. जिथे भद्द वाजलं, तिथे मिस्त्री थांबतो. पुन्हा मारतो. रंगाचा पोपडा सुटतो, त्याखाली गंजाचे पापुद्रे, पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक. बोटाने सोलले तरी निघतात. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून दोन पाट्यांच्या मधे तो शिरला की पाटे एकमेकांपासून फाकवतो, आणि नटाच्या आट्यांत शिरला की तो नट पान्याला दाद देत नाही. गॅसने कापावा लागतो. पाट्यावर गंजाने पाडलेला बारीक खड्डा दिसायला तिळाएवढा. पण भरलेली गाडी रस्त्याच्या खड्ड्यात आपटते तेव्हा चीर तिथूनच सुरू होते.

पाटा तुटला तर गाडी रस्त्यात बसते. ब्रेकच्या पाइपाचं तसं नाही. तो जिथे चेसीला क्लिपने धरलेला असतो, तिथे क्लिपमागे वाळू आणि ओल साचते. बाहेरून पाइप चांगला, क्लिपखाली कागदासारखा. मिस्त्री प्रत्येक क्लिप उचलून बघतो. घाट उतरणाऱ्या गाडीत हीच पहिली बघायची जागा.

(दृश्य : काळाकुळकुळीत, नव्याने रंगवलेली चेसी.)

ही गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला निघाली आहे. ट्रक ८ वर्षांचा झाला की दरवर्षी पासिंग, आणि पासिंग आलं की काळा रंग. गंजावरच, वाळूवरच, कधी कधी चिखलावरसुद्धा. हा प्रकार सगळीकडे चालतो आणि गाडीचं सगळ्यात जास्त नुकसान बहुधा हाच करतो. आतली ओल आतच कोंडली जाते. वर्षभर वरून काळंभोर, आत पोखरण चालू. डांबरी किंवा रबरी कोटिंग घाईने मारलं तर त्याचीही तीच गत. कोटिंग वाईट नसतं. खालचं लोखंड कोरडं आणि मीठमुक्त नसतं.

जळकं, म्हणजे इंजिनातून काढलेलं वापरलेलं ऑइल डिझेलमध्ये मिसळून फवारायची पद्धतही जुनी. तेलाचा थर पाणी अडवतो, हे खरं. पण रबरी बुश त्याने फुगतात आणि तेलकट चेसीवर वाळू अशी बसते, जशी वडीवर खोबऱ्याची पखरण. उरलेलं ऑइल ठिबकतं किनाऱ्यावर, जिथे उद्या मासळी उतरायची आहे.

(दृश्य : वायर ब्रश. मग ब्रशने लावलेला पातळ द्रव. विटकरी डाग हळूहळू काळा पडतो.)

नीट काम असं चालतं. आधी धुणं, मग दोन दिवस खडखडीत वाळवणं, मग सुटा गंज ब्रशने काढणं. चिकटून राहिलेल्या गंजावर टॅनिनचं द्रावण. बघा, रंग कसा बदलतोय. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आपल्याकडे पूर्वापार होत आली आहे. हिरड्यात टॅनिन, हिराकसात लोखंड. त्यांचं तेच नातं इथे कामाला येतं. गंजाचा काळा, घट्ट थर होतो.

त्यावर जस्ताचा प्रायमर. बोटवाले हे ऐकून मान डोलावतील, कारण बोटीच्या तळाला, पंख्याजवळ, ते जस्ताच्या वड्या बसवतात. जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचा तांब्याचा पत्रा वाचवायला हीच युक्ती सुचवली होती. मग ट्रकला एक वडी लावून का भागत नाही? बोट सतत पाण्यात असते, तेच पाणी वडी आणि तळ यांना जोडतं. ट्रकखाली असं सलग पाणी नसतं. वडी तिच्या आसपासचं वितभर वाचवेल, बाकीचं उघडंच. म्हणून जस्त रंगातून सगळीकडे पसरायचं.

शेवटी बाहेरून रबरी कोटिंग, आणि चेसीच्या पोकळ भागांत मेणासारखा पातळ द्रव. ब्रेक, सायलेन्सर, रबरी भाग झाकून. आणि तळाची भोकं मोकळी ठेवून. ती पाणी निघून जायला आहेत. कोटिंगवाला हमखास बुजवतो.

(दृश्य : विहीर. रहाट नाही, मोटार. पाइपने गाडी धुणारा ड्रायव्हर.)

हे दादा रोज गाडी धुतात. परतले की आधी पाइप, मग जेवण. तरीही दोन वर्षांत यांच्या गाडीचा आडवा सांधा गेला. आम्ही त्यांच्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. मचूळ. किनाऱ्यालगतच्या विहिरीत उन्हाळ्यात समुद्र आत शिरतो, साबणाला फेस येत नाही. दादा रोज गाडीला मीठ लावत होते, प्रेमाने.

गोडं पाणी वरच्या वाडीत आहे. पण एप्रिल-मेमध्येही मासळीच्या फेऱ्या चालूच असतात, आणि तेव्हाच वाडीत हंड्यांची रांग. त्या रांगेसमोर ट्रकचं पोट धुवायला कोण धजेल? दादांनी वाट काढली ती साधी. दोन डबे गोडं पाणी, पाठीवरचा औषध फवारायचा पंप, आणि पाण्याचा प्रत्येक थेंब फक्त चेसीच्या आत, पाट्यांवर, क्लिपांमागे. टपाला नाही, बॉनेटला नाही. आणि हौद्याखाली एक पन्हळ, बर्फाचं पाणी डब्यात गोळा करणारी.

(दृश्य : जून. पहिला पाऊस.)

१ जूनला यांत्रिक बोटींची मासेमारी बंद होते. गाडी घरी. आणि बहुतेक जण तिला शेडमध्ये लावतात, पावसापासून वाचवायला. दापोलीत ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो टपावरचं, बॉनेटवरचं मीठ फुकटात धुऊन नेतो. समुद्राजवळ जो पत्रा पावसापासून आडोशाला असतो, तोच जास्त गंजतो, कारण वाऱ्याने आणलेलं मीठ त्यावरून कधी धुतलंच जात नाही. आणि गाडीचं पोट तर जन्मभर आडोशालाच.

(दृश्य : पत्र्यावरून पागोळ्या. त्याखाली मांडलेली पिंपं भरलेली. चिऱ्यांवर चढवलेला ट्रक.)

दादा पिंपात पाइप सोडून ट्रकखाली सरकतात. पाइपाचं टोक चेसीच्या पोकळीत जातं. पलीकडच्या भोकातून पाणी येतं. आधी लाल, वाळूसकट. मग चहासारखं. मग स्वच्छ.

दादा बोट त्या धारेखाली धरतात आणि जिभेला लावतात.

"अजून खारट हाय."

पाइप पुन्हा आत जातो.