मोडीतून वाचलेले देव

नमस्कार श्रोतेहो.

ग्रीक शिल्प म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो पांढराशुभ्र संगमरवर. पण इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात तिथल्या नामवंत मूर्तिकारांचा ओढा होता कांस्याकडे. तांब्यात कथील मिसळून केलेला हा धातू. मायरन, पॉलिक्लायटॉस, पुढच्या शतकातला लायसिपॉस, ही सगळी ओतकामात नाव काढलेली मंडळी. आणि आज त्यांच्या हातचंच म्हणून छातीठोकपणे दाखवता येईल असं जवळजवळ काहीही उरलेलं नाही. कारण अगदी व्यवहारी आहे. कांस्याला बाजारात कायम भाव असतो. राज्यं बदलली, देव बदलले, देवळं ओस पडली आणि पुतळे मोडीत निघाले. कुणाची नाणी झाली, कुणाची भांडी, कुणाची हत्यारं.

मग युरोपातल्या संग्रहालयांत दिसतात ते कोण? त्यातले पुष्कळसे रोमन काळात केलेल्या संगमरवरी नकला. एक खूण सांगते. चेहऱ्याकडे नंतर बघा, आधी पायांकडे बघा. मांडीला टेकून झाडाचा एखादा बुंधा उभा दिसला, तर मूळ मूर्ती कांस्याची असावी असा संशय घ्यायला हरकत नाही. कांस्याची मूर्ती आतून पोकळ, धातू चिवट. ती दोन पावलांवर तोल सांभाळते. तीच ऐट दगडात उतरवायची तर घोट्यापाशी मोडणार. म्हणून हा बुंध्याचा टेकू. मायरनच्या थाळीफेकपटूच्या नकलांना तो आहेच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या नकलेला तर अठराव्या शतकात डोकंही चुकीचं बसवलं गेलं. मूळ खेळाडू मागे वळून हातातल्या थाळीकडे बघत होता, हा मात्र जमिनीकडे बघतोय. तरी लोक भक्तिभावाने फोटो काढतात. काढोत बापडे.

मोडीतून जे वाचलं, ते बहुतेक अपघातानेच. ग्रीसमधल्या डेल्फी या देवस्थानातला सारथी घ्या. रथाच्या शर्यतीतल्या विजयाबद्दल अपोलोच्या चरणी वाहिलेला हा पुतळा, साधारण इसवी सनापूर्वी ४७५च्या आसपासचा. इसवी सनापूर्वी ३७३मध्ये भूकंप झाला, दरड कोसळली आणि सारथी गाडला गेला, असं मानतात. १८९६ साली फ्रेंच उत्खननात तो बाहेर आला. रथ गेला, घोड्यांचे तुकडेच उरले, डावा हातही नाही. उजव्या हातात लगाम मात्र अजून आहेत. त्याच्या डोळ्यांपाशी जरा थांबा. बुबुळं वेगळी बसवलेली आहेत आणि पापण्यांचे केस तांब्याचे, अगदी बारीक. मग खाली पावलांकडे या. बोटं, नखं, शिरा, सगळं मन लावून घडवलेलं. हा गडी रथात उभा होता, म्हणजे ही पावलं खालून बघणाऱ्याला दिसणारही नव्हती!

समुद्राने वाचवलेल्यांची गोष्ट आणखी वेगळी. धातू घेऊन निघालेलं जहाज बुडालं की भट्टीचा रस्ता बंद. ग्रीसच्या आर्टेमिशन भूशिराजवळ १९२६ साली समुद्रातून एक कांस्याचा हात वर आला. १९२८मध्ये पाणबुड्यांनी बाकीचा देह काढला. आज तो अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात उभा आहे. उंची दोन मीटरहून थोडी जास्त, आणि पसरलेल्या दोन्ही हातांचा विस्तारही जवळजवळ तेवढाच. डावा हात पुढे नेम धरलेला, उजवा मागे फेकीच्या तयारीत, उजव्या पायाची टाच उचललेली. डोळ्यांच्या खोबणी मात्र रिकाम्या. उजव्या मुठीतलं हत्यारही गेलेलं, आणि सगळा वाद तिथेच. वज्र असेल तर हा झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन. दोघे सख्खे भाऊ. चिठ्ठ्या टाकून जगाची वाटणी झाली तेव्हा झ्यूसला आकाश मिळालं, पोसायडनला समुद्र, आणि तिसऱ्या हेडीसच्या वाट्याला पाताळ. लांब त्रिशूळ धरला तर तो बाजूने बघताना चेहऱ्यावर आडवा येईल, म्हणून बरेच अभ्यासक झ्यूसच्या बाजूने आहेत. मलाही तेच पटतं. इतका चेहरा घडवून कुठला मूर्तिकार त्यावर दांडा आडवा घालेल?

इटलीत रिआचेच्या किनाऱ्यापाशी १९७२ साली आणखी दोन योद्धे सापडले, जेमतेम आठ मीटर खोल पाण्यात. ओठ तांब्याचे, एकाचे दात चांदीचे. रेज्जो कालाब्रियाच्या संग्रहालयात त्यांच्या दालनात थेट शिरता येत नाही. थोड्याथोड्या लोकांना आधी एका खोलीत काही मिनिटं थांबवतात, अंगावरची धूळ हवेने काढतात, मग दार उघडतं. आपण गाभाऱ्यात जाताना पाय धुतो, तसंच काहीसं.

आता हे सगळं अथेन्स-इटलीचं झालं. पण कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात, १९४०च्या दशकात, कांस्यवस्तूंचा एक साठा मिळाला. भांडी, आरसे आणि त्यांच्यात चक्क पोसायडन! वीतभरही उंची नाही. घडण रोमन काळातली, पण उभं राहण्याची ढब लायसिपॉसच्या परंपरेतली. सातवाहनांच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत रोमन जहाजांचा माल उतरत होता, घाटांतून वर चढत होता. कार्ल्याच्या लेण्यात खांबांचं दान देणाऱ्यांमध्ये स्वतःला ‘यवन’, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडचे, म्हणवणारेही आहेत. त्यामुळे ही मूर्ती इथवर आली याचं फार नवल वाटायला नको. ती आणणाऱ्याने तिला पूजलं, शोभेला ठेवलं, की मोडीच्या भावाने विकत घेतलं, हे विचारायला आता कोणी नाही.

मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची. अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा तासभर राखून ठेवा आणि तिथल्या माणसांना पोसायडनबद्दल विचारा. इथेही त्रिशूळ हरवलेलाच आहे. पण हा देव नेम धरून झेपावलेला नाही, एक हात उंचावून निवांत उभा आहे. त्या हातात लांब दांडा कसा शोभला असता ते बघा, आणि मग अथेन्सच्या त्या पुतळ्याचं छायाचित्र मोबाइलवर शेजारी धरून झ्यूस की पोसायडन, याचा तुमचा तुम्ही निवाडा करा.

नमस्कार.