पाप्पात्ती अम्माळ कोविल

[दृश्य: तिरुनेलवेलीजवळचं पाळयंकोट्टै. गल्लीतलं एक छोटं, जुनं चर्च.]

निवेदन:

या चर्चचं इथल्या लोकांच्या तोंडी असलेलं नाव आहे ‘पाप्पात्ती अम्माळ कोविल’. पाप्पात्ती म्हणजे ब्राह्मणीण. कोविल म्हणजे देऊळ. तमिळमध्ये चर्चलाही तोच शब्द चालतो. सरळ मराठीत सांगायचं तर बामणीणबाईंचं देऊळ. आणि मराठीत सांगायलाच हवं, कारण ही बाई मराठी होती.

तंजावरला तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या एका मराठी ब्राह्मणाची ही विधवा पुढे लिटल्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर राहू लागली. साहेबानं तिला सतीच्या चितेवरून ओढून काढलं, अशी गोष्ट सांगतात. अशा गोष्टींत वाचवणारा नेहमी साहेबच असतो. मला तिनं नंतर जे केलं त्यात जास्त रस आहे.

इंग्रजी आणि ख्रिस्ती धर्माची ओळख तिला लिटल्टनकडूनच झाली. तिनं बाप्तिस्मा मागितला, पण श्वार्त्स या जर्मन मिशनऱ्यानं नकार दिला. लग्नावाचून एकत्र राहणं त्याला मान्य नव्हतं. लिटल्टन वारला, तिनं पुन्हा मागणं केलं, आणि १७७८ साली पाळयंकोट्टैला तिचा बाप्तिस्मा झाला. नाव मिळालं क्लोरिंडा.

[दृश्य: नकाशा. तंजावरहून दक्षिणेला जाणारी रेघ.]

श्वार्त्स परत गेला. तंजावर ते पाळयंकोट्टै हे अंतर आज नकाशावर जवळपास तीनशे किलोमीटर भरतं. तेव्हा हा प्रवास काही दिवसांचा होता. एकटा पाद्री किती ठिकाणी पुरणार? मागे राहिलेल्यांना धरून ठेवायचं काम या बाईवर आलं.

१७८० सालची मंडळीची नोंदवही बघा. चाळीस नावं, निरनिराळ्या जातींची. पहिलं नाव क्लोरिंडाचं. नवरा नाही, बाप नाही, पाद्रीसुद्धा नाही. यादी एका विधवेपासून सुरू होते. अठराव्या शतकातल्या किती कागदांवर असं दिसेल?

प्रार्थनेला जागा हवी होती. तिनं स्वतःचे पैसे घातले, छावणीतल्या इंग्रजांनीही हातभार लावला, आणि १७८५ साली श्वार्त्स आला तो तयार चर्चचं समर्पण करायला.

गंमत अशी की बाप्तिस्म्यानं तिचं नाव बदललं, पण गावानं तिला जातीवरूनच ओळखलं. चर्चच्या नावातही तीच जात येऊन बसली.

हिंदुस्थानातल्या प्रॉटेस्टंट मिशनची सुरुवात १७०६ साली तरंगंबाडीला झाली, ती दोन जर्मन पाद्र्यांनी, हे पाठ्यपुस्तकात असतं. पण एतद्देशीय माणसाला पाद्रीपदाची दीक्षा मिळायला १७३३ उजाडलं. तो आरोन. बाकीचे बरेचसे उपदेशी म्हणूनच राहिले: गावोगाव पायी हिंडायचं, शिकवायचं, आजाऱ्यांजवळ बसायचं, वाद घालायचा, मार खायचा. अहवाल लिहायचा तो साहेबानं.

पाळयंकोट्टैला श्वार्त्सनं धाडलेला सत्यनाथन हा असाच एक उपदेशी. १७९० साली तंजावरला त्याला दीक्षा मिळाली. त्या वेळचं त्याचं प्रवचन पुढे लंडनला छापलं गेलं.

आणि क्लोरिंडाच्या त्या छोट्या मंडळीतून काम दक्षिणेकडे पसरलं. सत्यनाथनबरोबर आता डेव्हिड सुंदरानंदम हा तिथल्याच मातीतला उपदेशी होता. आपल्या जातीतल्या माणसांशी तो त्यांच्याच बोलीत बोलायचा, नातीगोती धरून बोलायचा. मिशनरी ते आयुष्यभर शिकूनही जमवू शकले नसते. धर्मांतर केलं की घर, विहीर, शेजार सगळंच तुटायचं. म्हणून १७९९ साली या लोकांसाठी वेगळी वस्ती उभी राहिली.

[दृश्य: मुदलूर. गावाच्या नावाची पाटी.]

तिचं नाव मुदलूर. म्हणजे पहिलं गाव.