सीएमएमची टीप: बॉल कोणता, दांडी कोणती

[दृश्य: ग्रॅनाइटचे टेबल, वरून उतरणारा प्रोब, लाल बॉल जवळून]

सीएमएम म्हणजे जॉबला (मोजायच्या भागाला) स्पर्श करून त्याची मापे घेणारे मशीन. त्याच्या स्केल कितीही बारीक असोत, जॉबला शेवटी टेकतो तो प्रोबच्या टोकाचा हा एवढासा बॉल. टेकला त्या क्षणी बॉलचे केंद्र कुठे होते, एवढेच मशीनला कळते. पुढे कॅलिब्रेशनमध्ये (माहीत मापाच्या बॉलवर केलेल्या तपासणीत) मिळालेली त्रिज्या धरून ती पृष्ठभाग काढते. म्हणून बॉल झिजला, त्यावर काही चिकटले किंवा तो ज्यावर बसतो ती दांडी वाकली, तर ती चूक मुकाट्याने रिपोर्टमध्ये उतरते.

हा लाल बॉल म्हणजे कृत्रिम माणिक, म्हणजेच रुबी. शुद्ध ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी सुमारे २००० अंश सेल्सिअसला वितळवून त्याचा स्फटिक वाढवतात आणि मग तो घासून गोल करतात. ग्रेड ५ च्या बॉलची गोलाई ०.१३ मायक्रॉनच्या आत असते. टेकून लगेच मागे येणाऱ्या टच प्रोबला जवळजवळ कोणत्याही धातूवर रुबी चालते. तिथे जास्त विचार करायची गरज नाही.

[दृश्य: ॲल्युमिनियमच्या बोअरमध्ये गोल फिरणारा बॉल]

स्कॅनिंगमध्ये मात्र बॉल जॉबवरून सतत घासत जातो, आणि त्याचा तोच भाग पुन्हा पुन्हा टेकतो. ॲल्युमिनियमवर रुबी फिरली की जॉबचे कण बॉलला चिकटतात आणि त्यांचा थर वाढत जातो. थर दोन्ही बाजूंना २ मायक्रॉन असेल, तर बोअर (गोल भोक) ४ मायक्रॉन लहान दिसतो आणि चांगला जॉब बाद होतो. इथे सिलिकॉन नायट्राइडचा बॉल घ्यावा. ॲल्युमिनियम त्याला फारसे चिकटत नाही. पण तोच बॉल स्टीलवर स्कॅनिंगला लावू नका, तो झिजून सपाट होतो. स्टीलला रुबीच बरी. कास्ट आयर्नवर रुबीही खरवडली जाते, म्हणून तिथे झिर्कोनिया या सिरॅमिकचा बॉल. झिजलेल्या बॉलची चूक उलट दिशेने जाते: बोअर मोठा दिसतो, शाफ्ट (गोल दंड) लहान. आकडे एकाच बाजूला सरकत असतील, तर मशीनवर शंका घेण्याआधी बॉल भिंगाखाली पाहा. एकाच बॉलने सगळे धातू स्कॅन करायचे असतील, तर डायमंड कोटिंगचा बॉल सगळ्यांवर टिकतो. किंमत मात्र बरीच जास्त.

[दृश्य: वेगवेगळ्या लांबीचे स्टायलस ओळीने मांडलेले]

आता दांडी. दांडी आणि बॉल मिळून होतो स्टायलस. लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच बलाने दांडी आठपट वाकते. व्यास निम्मा केला, तर सोळापट. म्हणून जॉब परवानगी देईल तितकी आखूड दांडी, बसेल तितका मोठा बॉल आणि कमीत कमी जोड. १९७२ मध्ये डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी काँकॉर्ड विमानाच्या ऑलिंपस इंजिनासाठी टच-ट्रिगर प्रोब, म्हणजे टेकताच मशीनला संकेत (ट्रिगर) देणारा प्रोब, बनवला. त्या धाटणीच्या प्रोबमध्ये यंत्रणा तीन ठिकाणी टेकलेली असते, त्यामुळे ट्रिगर व्हायला लागणारे बल दिशेनुसार बदलते. दांडी लांबवली की हा फरक फुगतो आणि गोल बोअर तीन कोपऱ्यांचा दिसू लागतो.

साधारण ३० मिमीपर्यंत आणि २ मिमी किंवा त्याहून मोठ्या बॉलला स्टेनलेस स्टीलची दांडी पुरते. १ मिमी किंवा त्याहून लहान बॉलची दांडी बारीक असते, तिथे टंगस्टन कार्बाइडच हवे. त्याचा ताठपणा स्टीलच्या जवळपास तिप्पट, पण वजन जास्त. ५० मिमीच्या पुढे कार्बन फायबर हलकेही असते आणि तापमानाने जवळजवळ वाढत नाही. १०० मिमीची स्टीलची दांडी मात्र एका अंशाला एक-दीड मायक्रॉन वाढते. सिरॅमिकची दांडी ताठ आणि हलकी. धडक बसली तर ती तुटते आणि बहुतेक वेळा प्रोब वाचतो. असे तुटणे स्वस्तात सुटणे समजा.

खोल बोअरमध्ये आणखी एक फसवणूक होते: बॉलच्या आधी दांडीच भिंतीला टेकते. मशीन तो स्पर्श बॉलचाच धरते. दांडी बॉलपेक्षा पुरेशी बारीक आहे ना आणि त्या बारीक भागाची लांबी बोअरच्या खोलीला पुरते ना, हे प्रोग्राम चालवण्याआधी पाहावे. स्टायलस तिरका झुकवला असेल, तर दुप्पट काळजीने.

खडबडीत ओतीव पृष्ठभागावर मोठा बॉल खाचांमध्ये उतरत नाही, त्यामुळे बिंदू कमी विखुरतात. त्या खाचाच मोजायच्या असतील, तर मात्र लहान बॉल. पातळ पत्र्याच्या कडेला बॉल वर-खाली घसरतो. तिथे बॉलऐवजी सिलिंडरच्या आकाराची टीप (टोक) वापरा.

[दृश्य: मास्टर बॉलवर कॅलिब्रेशन]

स्टायलस सोबत आलेल्या चावीनेच आवळा. ढिला राहिला तर रीडिंग डोलते, जास्त आवळला तर आटे जातात. बॉल आणि मास्टर बॉल (कॅलिब्रेशनचा माहीत मापाचा बॉल) दोन्ही आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि मगच कॅलिब्रेशन करा. स्टार स्टायलसची (अनेक दिशांना टोके असलेल्या स्टायलसची) प्रत्येक टीप वेगळी कॅलिब्रेट होते. कॅलिब्रेशनमध्ये मिळालेला बॉलचा व्यास त्याच्या नाममात्र (छापील) व्यासापेक्षा थोडा कमी येतो. ट्रिगर होण्याआधी दांडी किंचित वाकते, त्याचाच हा हिशोब. तो आकडा नोंदवहीत दरवेळी लिहा. धडक बसलेली नसताना तो अचानक बदलला, तर आधी आटे, मग बॉलचा जोड आणि शेवटी प्रोब तपासा.