खर्च कंपनीचा, लाठी सरकारची

(दृश्य : वाशिष्ठीचं मुख, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या. मागे सड्यावर वीजप्रकल्प.)

३ जून १९९७. गुहागर तालुक्यातलं वेलदूर, मच्छीमारांचं गाव. पहाटेची वेळ. बरेच पुरुष होड्या घेऊन समुद्रावर गेलेले. घरात बायका, मुलं, म्हातारी माणसं. अशा वेळी पोलीस गावात शिरले. दारं तोडली. झोपलेल्या बायकांना ओढत बाहेर आणलं आणि रस्त्यावर लाठ्यांनी मारलं. मार खाणाऱ्यांत एक गरोदर बाई होती. त्या दिवशी गावातून पकडून नेलेल्यांत बायकाच जास्त होत्या.

या बायकांचा गुन्हा काय होता? गावाशेजारी उभ्या राहणाऱ्या वीजप्रकल्पाला त्यांनी विरोध केला होता. एवढाच.

(दृश्य : अंजनवेल, गोपाळगडाची तटबंदी.)

प्रकल्प दाभोळ पॉवर कंपनीचा. त्यात ८० टक्के वाटा अमेरिकेतल्या एन्रॉनचा, आणि दहा-दहा टक्के जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेलचे. राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला डिसेंबर १९९३ मध्ये. ही वीज महाराष्ट्राला परवडणार नाही, असं जागतिक बँकेने त्याआधीच सांगून कर्ज नाकारलं होतं. १९९५ साली सरकार बदललं, नव्या सरकारने करार मोडला, आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीशी पुन्हा वाटाघाटी करून तो जोडून घेतला. हा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. दर किती, युनिट किती, कुणी किती खाल्लं, यावर आपण खूप बोललो. वेलदूरबद्दल मात्र फार कमी बोललो.

अंजनवेल, वेलदूर, रानवी, कातळवाडी. या गावांना जमीन जाण्याची भीती होती, पाण्याची भीती होती. प्रकल्पातून सुटणाऱ्या गरम पाण्याने खाडीतली मासळी जाईल, ही मच्छीमारांची भीती तर पोटाचीच होती. म्हणून मोर्चे निघाले, धरणे आंदोलनं झाली. उत्तरादाखल जमावबंदी आली. पाच माणसं एकत्र आली की अटक. काहींना जिल्ह्यात यायलाच मनाई. मेधा पाटकर आणि निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांनाही अटक झाली. जमावबंदीचा बडगा विरोधकांवरच पडत होता. प्रकल्पाच्या समर्थकांना तो लागत नव्हता.

(दृश्य : प्रकल्पाचं फाटक, कुंपण.)

या फाटकाच्या आत राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी तैनात होती. तिचा खर्च देत होती कंपनी. यात चोरून काही नव्हतं, कायद्यातच तशी सोय होती. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ मध्ये आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये, अशा दोन आंतरराष्ट्रीय मानवाधिकार संघटनांनी इथल्या दडपशाहीवर अहवाल काढले. ह्यूमन राइट्स वॉचने कंपनीला थेट जबाबदार धरलं. ज्या दलांनी लोकांना मारलं त्यांना तुम्ही पैसे दिलेत, साधनं दिलीत, आणि तुमच्या कंत्राटदारांची माणसं विरोधकांना धमकावत होती तेव्हा तुम्ही काणाडोळा केलात, असा तो ठपका होता. कंपनीने हे मान्य केलं नाही.

गणवेशातला शिपाई गावकऱ्याच्या दारात येतो तो कायद्याच्या नावाने. त्याच्या बंदोबस्ताचं बिल कुंपणापलीकडचा मालक भरत असेल, तर भांडणाच्या दोन बाजूंपैकी एका बाजूला पोलीस आधीच उभा आहे. मग गावकऱ्याने तक्रार कुठे करायची? त्याच पोलीस ठाण्यात?

हे फक्त कोकणात घडत नव्हतं. नायजेरियात तेल कंपनीविरुद्ध ओगोनी लोकांना उभं करणारे लेखक केन सारो-विवा यांना नोव्हेंबर १९९५ मध्ये लष्करी सरकारने फाशी दिलं. जगभर संताप उसळला. त्यानंतर डिसेंबर २००० मध्ये अमेरिका आणि ब्रिटनची सरकारं, तेल आणि खाणींच्या कंपन्या आणि मानवाधिकार संघटना यांनी मिळून काही तत्त्वं ठरवली. पोलिसांशी काय व्यवस्था आहे ती स्थानिक लोकांना सांगा. ज्यांच्यावर अत्याचाराचे विश्वासार्ह आरोप आहेत अशांना सुरक्षेच्या कामावर घेऊ नका. पोलिसांना गाड्या, साधनं दिलीत तर ती कशासाठी वापरली जातात यावर लक्ष ठेवा. तक्रार आली तर नोंदवा आणि चौकशीचा आग्रह धरा. यातली एकही गोष्ट १९९७ साली वेलदूरमध्ये अशक्य नव्हती. पण ही तत्त्वं ऐच्छिक आहेत. पाळली नाहीत तर शिक्षा नाही. आणि भारत सरकार त्यात सामील नाही.

एन्रॉन डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोर झाली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी वीज आणि गॅस कंपन्यांना घेऊन नवी सरकारी कंपनी निघाली आणि प्रकल्प तिच्याकडे गेला. बंदोबस्त विकत घेण्याची पद्धत मात्र वाढतच गेली. कायद्यात २००९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलही खासगी कंपन्यांना पैसे भरून मिळतं.

म्हणून मागणी साधी आहे. रत्नागिरी असो की गडचिरोली, ज्या प्रकल्पाच्या दारात सरकारी बंदूक उभी आहे, तिथे कंपनी आणि पोलीस यांच्यातला कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. पैसे किती, हुकूम कुणाचा, आणि मार खाल्लेल्या माणसाची तक्रार त्या पोलीस ठाण्याबाहेर कोण ऐकणार, हे त्या गावाला वाचता आलं पाहिजे. पहिली वीट रचायच्या आधी.