सामूहिक विमा बंद होतो तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

रस्ते झाडणारे, पाण्याच्या पंपावर रात्रपाळी करणारे, अग्निशमन दलातले, जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसणारे, अशा नगरपालिका कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा काही ठिकाणी एकत्र काढलेला असतो. बऱ्याच लहान पालिका मिळून एक निधी उभा करतात. हप्ते त्यात जमा होतात आणि दवाखान्याची बिलं त्यातूनच भागतात. असा निधी बंद करायचा विषय निघाला, की शिल्लक कोणाला किती मिळणार हीच चर्चा आधी रंगते. मला मात्र आज त्या दिवशी ज्यांचे उपचार चालू असतात त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

मुळात एकत्र का यायचं? पन्नास कर्मचाऱ्यांच्या पालिकेत एकाचं डायलिसिस सुरू झालं आणि दुसऱ्याला कर्करोग निघाला, तर वर्षाचा सगळा हिशेब कोलमडतो. पुढच्या वर्षीचा हप्ता परवडेनासा होतो. पाच हजार माणसांच्या निधीत तेवढाच खर्च सामावून जातो, कारण माणसं जितकी जास्त तितका एकूण खर्चाचा अंदाज पक्का.

मग हे निधी मोडतात कशामुळे? दर वेळी कोणी पैसे खाल्लेले असतात असं मुळीच नाही. एखाद्या पालिकेतले कर्मचारी तरुण असतात, त्यांचे दावे कमी असतात. तिला बाहेर स्वस्त दर मिळतो आणि ती निघून जाते. मागे राहिलेल्यांत आजारी माणसांचं प्रमाण वाढतं, हप्ता चढतो, की दुसरी पालिका निघते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात असंच घडलं. १९९५ मध्ये विद्यापीठाने कर्मचाऱ्यांच्या विम्यासाठी ठरावीकच रक्कम द्यायची आणि महाग योजनेचा वरचा खर्च कर्मचाऱ्याने सोसायचा, असा नियम केला. तरुण, धडधाकट माणसं स्वस्त योजनांकडे वळली. सर्वांत जास्त सोयी देणारी योजना इतकी महाग झाली, की १९९७ मध्ये ती बंदच करावी लागली. निघून जाणाऱ्या पालिकेला मी दोष देणार नाही, तिलाही तिचं अंदाजपत्रक सांभाळायचं असतं. पण बाहेर पडायची मुदत आणि बाहेर पडताना भरायचा वाटा पहिल्याच दिवशी करारात लिहिलेला हवा. नंतर मागायला गेलं, की वाद होतात.

आता शिल्लक रकमेचं बघू. शेवटच्या महिन्याच्या २८ तारखेला एका कर्मचाऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. त्याला घरी सोडतात ते पुढच्या महिन्यात. मग दवाखाना बिल तयार करणार, तपासणारा एखादा कागद परत मागवणार, तो पुन्हा पाठवला जाणार. निधीपर्यंत ते बिल पोहोचतं तेव्हा योजना बंद होऊन दोन-तीन महिने उलटलेले असतात. म्हणून बंद होण्याच्या दिवशी बँकेत दिसणारी रक्कम शिल्लक नसते. तिच्यातली बरीचशी अजून न आलेल्या बिलांची असते. ती किती, याचा अंदाज विमागणितज्ञाकडून काढून घ्यावा लागतो आणि तेवढे पैसे बाजूला ठेवावेच लागतात. मोठ्या दाव्यांसाठी पुनर्विमा, म्हणजे निधीने स्वतःसाठी दुसऱ्या कंपनीकडून काढलेला विमा, घेतला असेल, तर त्याचा करारही नीट वाचायला हवा. काही करार उपचाराची तारीख धरतात, काही बिल चुकतं केल्याची तारीख धरतात. दुसऱ्या प्रकारात उशिरा आलेलं मोठं बिल सरळ निधीच्या डोक्यावर बसतं. हे सगळं मिटण्याआधी शिल्लक वाटली आणि नंतर पैसे कमी पडले, तर दवाखाना त्या बिलासाठी रुग्णाच्याच दारात येतो. मला हा अन्याय वाटतो. त्याने हप्ता वेळेवर भरलेला असतो.

आणि केमोथेरपीच्या सहा फेऱ्यांपैकी चार झालेल्या बाईंचं काय? नव्या योजनेच्या यादीत त्यांचा दवाखाना असेलच असं नाही. जुन्या योजनेने दिलेली पूर्वमंजुरी नवी कंपनी आपोआप मानत नाही. काही योजनांत वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आधी रुग्णाने सोसायचा असतो. त्यापोटी त्यांनी वर्षभरात स्वतःच्या खिशातून भरलेली रक्कम नव्या योजनेत पुन्हा शून्यापासून मोजली जाऊ शकते. आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ, म्हणजे विमा असूनही त्या आजाराचा खर्च न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, लागला, तर उरलेल्या दोन फेऱ्यांचा खर्च अंगावर पडेल. या चारही गोष्टी नव्या कंपनीशी सह्या होण्याआधी मान्य करून घेता येतात. तेव्हा पालिकांच्या हातात अख्खा गट असतो आणि कंपनीला तो हवा असतो. सह्या झाल्या, की एकटी बाई अर्ज करत बसते. बदलाच्या रात्री जो रुग्णालयात दाखल आहे त्याचं बिल जुन्या योजनेचं की नव्या, हेही त्याच वेळी कागदावर आलं पाहिजे. नाहीतर दोघंही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

कर्मचारी श्रोत्यांना माझी विनंती आहे. तुमच्या योजनेबद्दल अशी चर्चा चालू असेल, तर चालू उपचारांची कागदपत्रं, मंजुरीची पत्रं आणि यंदा भरलेल्या पैशांच्या पावत्या आजच एकत्र करा. त्यांच्या प्रती काढून ठेवा. जुन्या योजनेचं कार्यालय बंद झाल्यावर या नोंदी मिळवताना फार दमछाक होते.

संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे. निवृत्त कर्मचारी या निधीत असतील, तर त्यांची यादी आजच मागून घ्या. फलकावरची सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, काहींचे पत्तेही बदललेले असतात. या वयात आणि या आजारांसह त्यांना एकट्याने नवा विमा मिळणं सर्वांत कठीण असतं. म्हणून नव्या करारात त्यांना धरलं आहे की नाही, हे आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मग प्रत्येकाला फोन करा.